लवादापुढे तुमच्या वतीने कोण बोलणार?

जिल्हाधिकारी कार्यालयात, लवादाच्या दालनाबाहेरच्या बाकावर एक नवरा-बायको बसली होती. बाईंच्या मांडीवर कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कागद. राष्ट्रीय महामार्गात त्यांची तीस गुंठे बागायत गेली होती आणि त्या तुकड्यातच त्यांची विहीर होती. मोबदला कमी मिळाला म्हणून लवादाकडे अर्ज केलेला. केलेला म्हणजे गावातल्या एका एजंटाने केला होता, यांनी सह्या केल्या होत्या. पुकाऱ्याला वेळ होता म्हणून मी तो अर्ज वाचायला मागितला. दुसऱ्या पानावर शेजारच्या गावाचं नाव तसंच राहिलं होतं. गट नंबर यांचा, गाव दुसऱ्याचं. आणि चार पानी अर्जात विहिरीचा शब्दही नव्हता. एजंट त्या दिवशी आलेला नव्हता. "तुम्ही नुसती हजेरी लावा," एवढं त्याने फोनवर सांगितलं होतं.

अशी माणसं मला वारंवार भेटतात. त्यांची बाजू खरी असते आणि कागदही बहुतेक वेळा घरात असतो, पण ती बाजू मांडायचं काम चुकीच्या माणसाकडे गेलेलं असतं. महामार्गाच्या मोबदल्यासाठी लवादाकडे जाताना वकील करावा का, कोणता करावा, त्याच्याशी काय ठरवावं आणि कोणत्या कागदावर सही करू नये, हे एका जागी मिळावं म्हणून हा लेख.

हा लवाद कोणता?

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली जमीन घेतली की मोबदल्याचा निवाडा सक्षम प्राधिकारी करतो. बहुतेक ठिकाणी हा प्रांत किंवा भूसंपादनाचा उपजिल्हाधिकारी असतो. त्याने ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर कलम ३-जी (५) प्रमाणे केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात ही जबाबदारी सहसा जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा आयुक्तालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असते. पुढचं कामकाज लवाद आणि समेट अधिनियम, १९९६ प्रमाणे चालतं. राज्याचे रस्ते, धरणं, एमआयडीसी यांचे कायदे आणि वाटा वेगळ्या आहेत. म्हणून आपल्या नोटिशीवर कोणत्या कायद्याचं नाव छापलंय ते आधी पाहा.

दोन गोष्टी सुरुवातीलाच लक्षात घ्या. पहिली, लवादाकडे जायचा हक्क दोन्ही बाजूंना आहे. निवाड्याची रक्कम जास्त वाटली तर महामार्ग प्राधिकरणही अर्ज करू शकतं. तुम्ही काहीच केलेलं नसताना लवादाची नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नका. तुमचं म्हणणं आलं नाही तरी कामकाज पुढे जाऊ शकतं आणि समोर असलेल्या पुराव्यावर निकाल होऊ शकतो. दुसरी, खासगी करारातल्या लवादात पक्षकार आपला लवाद निवडतात. इथे लवाद सरकार नेमतं. कामकाज कुठे चालेल आणि तारखा कधी पडतील, हेही मुख्यतः लवादच ठरवतो. तुमच्या हातात मोठी अशी एकच निवड उरते, ती म्हणजे आपली बाजू कोण मांडणार. म्हणून ती घाईने करू नये.

हीच पायरी निर्णायक का?

"इथे नाही झालं तर कोर्टात बघू," हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि शेतकऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसानही याच समजुतीने होतं. लवादाच्या निवाड्याविरुद्ध लवाद आणि समेट अधिनियमाच्या कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात जाता येतं, पण ते नेहमीचं अपील नव्हे. तिथे न्यायालय पुरावा पुन्हा पहिल्यापासून तपासत नाही आणि स्वतः नवा भावही ठरवत नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध एम. हकीम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये सांगितलं की, कलम ३४ खाली निवाड्यात बदल करून रक्कम वाढवता येत नाही. ते प्रकरण महामार्गाच्या मोबदल्याचंच होतं. पुढे एप्रिल २०२५ मध्ये घटनापीठाने गायत्री बालसामी प्रकरणात बदल करण्याचा मर्यादित अधिकार मान्य केला. निवाड्याचा वेगळा काढता येईल असा भाग, उघड दिसणारी आकडेमोडीची किंवा लेखनाची चूक, निवाड्यानंतरचं व्याज अशा मोजक्या गोष्टींपुरता तो आहे. विहिरीची किंमत नव्याने काढायला त्याचा उपयोग होत नाही.

थोडक्यात, जमिनीचा भाव, झाडं, विहीर, पाइपलाइन, उरलेल्या तुकड्याचं नुकसान, यातल्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा लवादासमोरच पूर्ण व्हायला हवा. प्रतिनिधी निवडताना हे मनात पक्कं असू द्या. पुढे हायकोर्टात जोरदार भाषण करील असा माणूस शोधण्यापेक्षा आज तुमच्या शेतावर येऊन बांध चालून बघेल असा माणूस शोधा.

वकील लागतोच का?

कायद्याने लागत नाही. आपली बाजू वकिलामार्फतच मांडली पाहिजे असं लवाद आणि समेट अधिनियमात कुठेही म्हटलेलं नाही. कलम १८ प्रमाणे दोन्ही पक्षांना समान वागणूक आणि बाजू मांडायची पूर्ण संधी मिळाली पाहिजे. कलम १९ प्रमाणे दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा लवादाला बांधून ठेवत नाही. त्यामुळे शेतकरी स्वतः उभा राहून साध्या मराठीत बोलला तर त्यात काही वावगं नाही. समोरच्याचा इंग्रजी जबाब कळत नसेल तर त्याचं भाषांतर मिळावं अशी लेखी विनंती करा. असा आदेश देण्याचा अधिकार कलम २२ ने लवादाला दिलेला आहे.

कायद्याने लागत नाही म्हणून प्रत्येकाने एकट्याने लढावं असा मात्र याचा अर्थ होत नाही. लवादापुढे तीन कामं करावी लागतात. पुरावा गोळा करायचा असतो, कायद्याचा मुद्दा लिहून मांडायचा असतो आणि तारखा व मुदती सांभाळायच्या असतात. यातलं कोणतं काम तुमच्याकडून नीट होईल, ते प्रामाणिकपणे ठरवा. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, झाडांचे फोटो हे तुमच्याइतकं चांगलं कोणी गोळा करू शकत नाही. तारखा घरातला एखादा शिकलेला मुलगा किंवा सून सांभाळू शकते. कायद्याचं लिहिणं बहुतेकांना जमत नाही आणि तिथेच वकिलाची खरी गरज लागते.

स्वतः लढणं पुरेसं ठरतं ते चूक एकच आणि कागदावर दिसणारी असेल तेव्हा. सातबाऱ्यावर बागायत आहे आणि निवाड्यात जिरायत धरली, संयुक्त मोजणीत चाळीस आंब्याची झाडं आहेत आणि निवाड्यात चौदा आली, अशा वेळी एक नीट अर्ज, त्याला जोडलेले साक्षांकित कागद आणि एक शपथपत्र बरंच काम करतात.

वकील करावाच, अशी प्रकरणंही आहेत. जमिनीचा दर मुळातच चुकीच्या पद्धतीने काढलाय, गटाचे दोन तुकडे झालेत आणि पलीकडच्या तुकड्याला वाट उरली नाही, बिनशेती किंवा गावठाणालगतची जमीन शेती म्हणून धरली, दिलासा रक्कम (सोलेशियम) किंवा व्याज सुटलंय, किंवा महामार्ग प्राधिकरणानेच रक्कम कमी करायला अर्ज केलाय. समोर प्राधिकरणाचे पॅनेलवरचे वकील असतात आणि रोज हेच काम करत असतात, हेही विसरू नका.

कोणकोण प्रतिनिधी होऊ शकतं?

*घरचा माणूस.* वय झालंय, मुंबईला राहताय, आजारी आहात, तर मुलगा, भाऊ, पुतण्या यांना अधिकार देता येतो. त्यासाठी मुखत्यारपत्र करा आणि ते "अमुक गटाच्या लवाद प्रकरणापुरतं" असं स्पष्ट लिहा. सनद नसलेल्या माणसाला एखाद्या प्रकरणापुरतं उभं राहू देण्याची परवानगी न्यायालय किंवा प्राधिकारी देऊ शकतो, असं अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम ३२ सांगतं. म्हणून पहिल्याच तारखेला परवानगीचा अर्ज द्या आणि ती रोजनाम्यात नोंदवून घ्या. विहीर कधी खोदली, बाग कधी लावली याचं शपथपत्र मात्र ज्याला ते स्वतः माहीत आहे त्यानेच करावं.

*वकील.* सनद असलेल्या वकिलाला लवादापुढे उभं राहण्याचा हक्कच आहे. त्याच्यावर बार कौन्सिलचे नियम लागू असतात आणि चुकीचं वागल्यास महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. एजंटाच्या बाबतीत अशी कोणतीही दाद नाही.

*मूल्यांकनकार आणि इतर जाणकार.* हे तुमची बाजू लढत नाहीत, पण लढायला दारूगोळा पुरवतात. विहीर, घर, गोठा यांच्यासाठी शासनमान्य मूल्यांकनकार, फळबागेसाठी फळझाडांचा जाणकार कृषी पदवीधर. झाडाचं वय, उत्पन्न आणि उरलेलं आयुष्य लिहिलेला दोन पानी अहवाल कित्येकदा वकिलाच्या तासाभराच्या युक्तिवादापेक्षा जास्त वजनदार ठरतो. पैसे मोजकेच असतील तर वकिलाच्या नावलौकिकापेक्षा या अहवालावर आधी खर्च करा.

*एजंट.* याच्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे.

टक्केवारीचा हिशोब

मोजणीचे दगड लागले की गावात माणसं यायला लागतात. "खर्च एक रुपया नाही, वाढून आलं तर दहा टक्के." शेतकऱ्याला हे सोपं वाटतं, कारण हातात पैसा नसतो. पण कागदावर "वाढीव रकमेच्या" लिहिलंय की "एकूण मिळणाऱ्या रकमेच्या", ते बघा. समजा, निवाडा २० लाखांचा होता आणि लवादाने २६ लाख केले. वाढ ६ लाखांची. वाढीच्या दहा टक्के म्हणजे ६० हजार. एकूण रकमेच्या दहा टक्के म्हणजे २ लाख ६० हजार. सहा लाखांच्या वाढीतले जवळजवळ ४३ टक्के गेले. वीस लाख तर आधीच तुमचे होते. ते कोणी मिळवून दिलेले नव्हते.

आणि हा माणूस स्वतः वकील असेल, किंवा "आमचे वकीलसाहेबच टक्केवारीवर घेतात" असं सांगत असेल, तर लगेच सावध व्हा. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. टक्केवारी मागणारा एक तर वकील नसतो, नाहीतर आपल्या धंद्याचा नियम मोडत असतो. अशा माणसाच्या हातात आपली जमीन द्यायची का, ते तुम्हीच ठरवा.

पुढच्या गोष्टी टाळा, कोणी कितीही ओळखीचा असला तरी:

कोरा स्टॅम्प पेपर, कोरा चेक, कोऱ्या वकीलपत्रावरची सही. बँक खात्याचं पासबुक, एटीएम किंवा चेकबुक "कामासाठी" ठेवायला देणं. आणि रद्द न करता येणारं कुलमुखत्यारपत्र, ज्यात मोबदला उचलण्याचा अधिकार लिहिलेला असतो. ज्या मुखत्यारपत्रात समोरच्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला असतो, ते नंतर एकतर्फी रद्द करणं भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०२ मुळे फार अवघड होतं. वाढीव रक्कम थेट तुमच्या खात्यातच आली पाहिजे. खात्याचा तपशील अर्जात स्वतः लिहा.

वकील कसा पारखावा?

दिवाणी दाव्यात नाव कमावलेला वकील महामार्गाच्या लवादात तितकाच तयार असेल असं नाही. पहिल्या भेटीला निवाड्याची प्रत, कलम ३-ए ची अधिसूचना, सातबारा आणि संयुक्त मोजणीचा उतारा घेऊन जा आणि हे प्रश्न विचारा.

माझ्या जमिनीचा भाव कोणत्या तारखेला धरायचा? याचं उत्तर ३-ए अधिसूचनेच्या प्रसिद्धीची तारीख असं आहे. दर कसा काढायला हवा होता? जाणकार वकील सांगेल की २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून महामार्गालाही लागू आहेत. त्यानुसार रेडीरेकनरचा दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी यांतला जास्त असेल तो घ्यायचा, आणि सरासरी काढताना आधीच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या भावाची अर्धी धरायची. कोणती खरेदीखतं लावणार, दुय्यम निबंधकाकडून नकला कोण काढणार, हेही विचारा. लवादाने रक्कम वाढवली तर वाढीवर व्याज मिळतं का? कलम ३-एच (५) प्रमाणे ताब्याच्या तारखेपासून दरसाल ९ टक्के देता येतं, पण अर्जात ते मागितलेलं हवं. जमीन २०१५ च्या आधी गेली असेल तर तरसेम सिंग प्रकरणाचं नाव काढून बघा. १९९७ ते २०१५ या काळात महामार्गाला गेलेल्या जमिनींनाही दिलासा रक्कम आणि व्याज देय आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यात ठरवलं.

उत्तरं तोंडपाठ नसली तरी चालतील. "बघून सांगतो" म्हणून पुढच्या भेटीला खरंच बघून आलेला वकील चांगला. "ते सगळं माझ्यावर सोडा" म्हणणारा नको. आणि तारखेला स्वतः येणार की ज्युनिअरला पाठवणार, हेही त्याच्याच तोंडून ऐका.

फी टप्प्याटप्प्याने ठरवा आणि एका साध्या कागदावर लिहून घ्या. लवादापुढचं पूर्ण काम एका रकमेत, पुढे कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात गेलं तर वेगळी, कलम ३७ खाली हायकोर्टात वेगळी, वसुलीची वेगळी. नकला, टायपिंग, मूल्यांकन यांचा खर्च फीमध्ये धरलाय की बाहेर, तेही लिहा. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. मागायला संकोच वाटत असेल तर बँकेतून द्या.

वकीलपत्र वाचून सही करा

छापील वकीलपत्र बहुतेक जण न वाचता सही करून देतात. त्यात साधारण मधल्या ओळींत "तडजोड करणे, दावा काढून घेणे, रक्कम स्वीकारणे" असे अधिकार असतात. रक्कम स्वीकारण्याचा आणि तडजोडीचा अधिकार तुम्हाला द्यायचा नसेल तर त्या शब्दांवर रेघ मारून बाजूला सही करा. वकिलाला यात अपमान वाटायचं कारण नाही. अशिलाच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने हक्क सोडू नयेत किंवा तडजोड करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. तुम्ही फक्त तेच कागदावर आणता.

आणि वकील पटला नाही तर बदलता येतो. फी थकली म्हणून वकील तुमचे कागद अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवलं. फीचा वाद वेगळा, कागद तुमचे. तरी शहाणपण यात की मूळ कागद कधीच कोणाला देऊ नयेत. साक्षांकित नकला द्या, मूळ घरात ठेवा.

भाऊबंद आणि गाव

एका शिवारातल्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांचा मुद्दा बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे दर. तेव्हा मिळून एकच वकील करावा, खरेदीखतांच्या नकला एकत्र काढाव्यात, खर्च गुंठ्याप्रमाणे वाटून घ्यावा. त्याने प्रत्येकाचा भार कमी होतो आणि सगळ्यांच्या अर्जांत तोच भक्कम पुरावा येतो. पण अर्ज मात्र प्रत्येकाचा वेगळा, आपल्या गटाचा, आपल्या विहिरी-झाडांसह असू द्या. "सगळ्यांचं सारखंच" म्हणून एकच मसुदा छापला की शेजारच्या गावाचं नाव दुसऱ्या पानावर राहतं.

भावाभावांत मात्र उलट काळजी घ्या. रक्कम वाढवून मागणं आणि ती कोणाला किती मिळावी, हे दोन वेगळे वाद आहेत. वाटणीचा वाद लवादाकडे जात नाही. कलम ३-एच (४) प्रमाणे सक्षम प्राधिकारी तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो. रक्कम वाढवायला तुम्ही सगळे भाऊ-बहिणी एका बाजूला असता, म्हणून तिथे एक वकील चालतो. वाटणीत हितसंबंध आमनेसामने येतात, तिथे प्रत्येकाचा वेगळा हवा. बहिणींची नावं फेरफाराला लागली नसतील, वडिलांच्या मृत्यूनंतर वारस नोंद राहिली असेल, तर अर्ज करायच्या आधीच ते पूर्ण करा.

पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले नागरिक यांना मोफत वकील मिळू शकतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. जमीन बाईंच्या नावावर असेल तर त्यांनी स्वतः तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कार्यालय सहसा न्यायालयाच्या आवारातच असतं. लवादाच्या प्रकरणासाठी वकील हवाय हे अर्जात स्पष्ट लिहा, आणि निवाड्याची प्रत जोडा.

वकील केल्यावर तुमचं काम संपत नाही

एक वही घाला. प्रत्येक तारीख, कोण हजर होतं, काय झालं, पुढची तारीख कधी, एवढं लिहा. रोजनाम्याची नक्कल अधूनमधून काढा. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

काही मुदती तुम्हालाही माहीत असाव्यात. लवादाकडे अर्ज करायला महामार्ग अधिनियमात दिवस ठरवून दिलेले नाहीत, पण मुदतीचा कायदा लवादालाही लागू होतो. म्हणून निवाडा हातात पडल्यावर पहिल्या काही महिन्यांतच अर्ज करा. मोबदला उचलताना पावतीवर "हरकत राखून स्वीकारत आहे" असं लिहा. लवादाला नेमणुकीची नोटीस मिळाल्यापासून सहा महिन्यांत दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं पूर्ण व्हायला हवं आणि ते पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा. दोन्ही पक्षांच्या संमतीने आणखी सहा महिने मिळतात. त्यापुढे मुदत फक्त न्यायालय वाढवू शकतं. बदल्या, निवडणुका, इतर कामं यांत ही मुदत निसटते आणि मग तेवढ्याच कारणाने शेतकऱ्याला न्यायालयात पळावं लागतं. तुमच्या वकिलाने ही तारीख स्वतःहून लिहून ठेवली आहे का, ते विचारा.

कामकाजात काही नियमबाह्य घडत असेल तर हरकत त्याच वेळी, लेखी घ्या. माहीत असूनही गप्प बसलात तर लवाद आणि समेट अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे हरकतीचा हक्क सोडल्यासारखं होतं. नंतर सांगून उपयोग नसतो.

निवाडा झाला की लवादाची सही असलेली प्रत तुम्हाला, पक्षकाराला, मिळाली पाहिजे. महाराष्ट्र शासन विरुद्ध आर्क बिल्डर्स या २०११ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, सही असलेली प्रत हातात पडल्यापासून मुदत मोजायची. २०१२ मध्ये आणखी स्पष्ट केलं की, वकिलाला दिलेली प्रत म्हणजे पक्षकाराला दिलेली नव्हे. कलम ३४ साठी तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर फार तर आणखी ३० दिवस. त्यानंतर एक दिवसही नाही. म्हणून वकील म्हणाला, "प्रत आली आहे, निवांत या," तरी दुसऱ्याच दिवशी जा. प्राधिकरणाने निवाड्याला आव्हान दिलं तरी रक्कम आपोआप थांबत नाही. स्थगितीसाठी त्यांना वेगळा आदेश घ्यावा लागतो. तो आहे का, ते बघा, नसेल तर वसुलीला लागा.

या सगळ्यात एक काम तुम्ही कोणालाही देऊ शकत नाही, ते म्हणजे आपली जमीन ओळखण्याचं. त्या नवरा-बायकोच्या प्रकरणात वकिलामार्फत अर्ज दुरुस्त करायची परवानगी मागितली. सुनावणी चालू असताना मागणीत दुरुस्ती करता येते, फक्त फार उशीर झालेला नको. गावाचं नाव बदललं. विहीर घातली. सोबत मूल्यांकनकाराचा अहवाल आणि संयुक्त मोजणीचा उतारा जोडला, ज्यात विहीर होतीच. पुढच्या तारखेला लवाद साहेबांनी अहवाल उलटला आणि विचारलं, "पाणी बारमाही होतं का? किती फुटांवर?" वकिलाने अहवालात बोट फिरवायला सुरुवात केली. बाई बाकावरून उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, एप्रिलात पंचेचाळीस फुटांवर असायचं. रोज मीच मोटर चालू करायला जायची." साहेबांनी ते लिहून घेतलं.